मेल आर्ट: पहिलं पाकीट टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर

मेल आर्ट म्हणजे टपालाने एकमेकांना पाठवली जाणारी कला. तीत यायला प्रवेश फी नाही, निवड समिती नाही, कुणाची शिफारस लागत नाही. एक पत्ता, एक कागद आणि टपालाचं तिकीट एवढ्यावर सुरुवात होते. तरीही पुष्कळ नवे लोक दोन-तीन पाकिटं पाठवतात आणि थांबतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं. सगळी मेहनत सुंदर कार्ड करण्यात जाते, आणि समोरच्याने काय मागितलं होतं ते वाचायचं राहून जातं. इथे चित्र काढता येण्यापेक्षा उत्तर देता येणं महत्त्वाचं आहे. चित्रकला अजिबात येत नसलेली माणसं टपालातून जोडलेल्या या जाळ्यात वर्षानुवर्षं मानाने राहिली आहेत, ती उत्तर देत राहिली म्हणून.

या खेळाचे नियम कुणी एका बैठकीत लिहिलेले नाहीत. प्रत्येक पिढीने आपापल्या अडचणीतून एखादा नियम मागे ठेवला. म्हणून खाली पायऱ्या सांगताना ती ती पायरी कुणी घातली तेही सांगतो. ते माहीत असेल तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिली पायरी: भर घाला आणि पुढे पाठवा

रे जॉन्सन हा १९२७ साली डेट्रॉइटमध्ये जन्मलेला चित्रकार. ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकून तो न्यूयॉर्कला आला आणि पन्नासच्या दशकात छोटी छोटी कोलाज, म्हणजे कात्रणं चिकटवून केलेली चित्रं, करून ओळखीच्यांना टपालाने पाठवू लागला. त्याच्या कागदांवर बऱ्याचदा एक सूचना असे: यात भर घाला आणि रे जॉन्सनकडे परत पाठवा. कधी सूचनेत तिसऱ्याच माणसाचं नाव असे. तुम्ही भर घालून ज्याला पाठवणार, तो तुमच्या ओळखीचा असेलच असं नाही. ओळख त्या कागदामुळे व्हायची. एड प्लंकेट या मित्राने १९६२ मध्ये या सगळ्या पसाऱ्याला ‘न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल’ असं नाव दिलं. या शाळेला इमारत नव्हती, तुकड्या नव्हत्या. पत्त्यांची यादी होती. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने या शाळेचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जॉन्सनने यादीतल्या लोकांना थेट म्युझियमच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं, आणि जे आलं ते मांडलं गेलं.

तुमची पहिली कृती हीच असू द्या. जाडसर कागदाचं, साधारण वहीच्या अर्ध्या पानाएवढं कार्ड घ्या. त्याच्या एका कोपऱ्यात काहीतरी करा: कात्रण चिकटवा, शिक्का मारा, एक ओळ लिहा. बाकीचा तीन-चतुर्थांश भाग मोकळा सोडा. नवा माणूस हमखास सगळा कागद भरून टाकतो, आणि मग पुढच्याला भर घालायला जागाच उरत नाही. कार्डाखाली स्पष्ट लिहा: ‘यात भर घाला आणि अमक्याला पाठवा’. त्या अमक्याचा पूर्ण पत्ता द्या. चार ओळखीची माणसं चार गावांतली निवडली, तर एक कार्ड फिरून परत यायला तीन-चार आठवडे सहज लागतात. त्या अवधीत एखादं कार्ड कुणाच्या तरी टेबलावर अडकून राहतं. त्याचा राग धरू नका. वाट पाहणं हा या कलेचा भाग आहे आणि त्याची सवय घरच्या माणसांबरोबर केलेली बरी.

दुसरी पायरी: कागद घरातलाच

खास कलासाहित्याच्या दुकानात जाण्याची घाई नको. परदेशातल्या मेल आर्टिस्टाला भारी हातकागदापेक्षा तुमच्या घरातला कागद जास्त बोलका वाटतो: जुन्या लग्नपत्रिका, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं, एसटीची आणि लोकलची तिकिटं, पतंगाचा कागद, घोटीव कागद, उदबत्तीच्या पुड्याचं वेष्टन, किराण्याच्या दुकानातली वर्तमानपत्राची पुडी. देवनागरी अक्षर तुम्हाला रोजचं आहे. ओसाकात किंवा माँटेव्हिडिओत बसलेल्या माणसाला ते आधी चित्र म्हणून दिसतं. याचा फायदा घ्या.

डिंकाबाबत मात्र काळजी घ्या. पांढरा पातळ गोंद पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो, म्हणून कोलाजसाठी ग्लू स्टिक बरी. चिकटवल्यावर रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. कडा नखाने तपासा. सुटलेली कड टपालाच्या यंत्रात अडकते आणि कार्ड फाटतं. चमकी, मणी, वाळलेली पानं, बिया, धान्य, मसाले काहीही घालू नका. झाडांचे भाग आणि खाण्याचे पदार्थ सीमेवर अडवले जातात. नोटा आणि नाणी तर अजिबात नकोत. पहिल्या वर्षी फक्त सपाट कागद पाठवा. त्यापलीकडे काही असेल तर सीमाशुल्काची चिठ्ठी भरावी लागते आणि पाकीट पार्सलासारखं मोजलं जाऊ शकतं.

पण ‘फक्त कागद’ म्हणजे फक्त चित्रकारांचा मामला असं समजू नका. १९७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन मैत्रिणी, केट वॉकर आणि सॅली गॉलप, एक लंडनला आणि दुसरी आइल ऑफ वाइटला, घरातल्या वस्तूंतून केलेल्या लहान लहान कलाकृती एकमेकींना टपालाने पाठवू लागल्या. मुलं, स्वयंपाक, धुणं यांतून वेळ काढून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलेलं काम. हळूहळू इतर गावांतल्या बायका त्यात आल्या, या देवाणघेवाणीला ‘फेमिनिस्टो’ नाव पडलं, आणि १९७७ मध्ये ते लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत मांडलं गेलं. वस्तू लहान होत्या, कारण त्या टपालात मावायला हव्या होत्या आणि मूल झोपलेलं असताना संपायला हव्या होत्या. माझ्या मते मेल आर्टच्या इतिहासातलं हे सर्वांत शिकण्यासारखं पान आहे. स्टुडिओ नाही, वेळ नाही, ही सबब त्याने कायमची काढून घेतली.

तिसरी पायरी: खिडकीवर जाणं

मेल आर्टमध्ये टपालखातं हा तिसरा कलाकार असतो. फ्लक्सस या साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय कलाचळवळीतल्या मंडळींनी हे सर्वांत आधी ओळखलं. बेन व्होतिए याने १९६५ मध्ये एक पोस्टकार्ड छापलं. त्याच्या दोन्ही बाजूंना पत्त्याच्या रेघा आणि तिकिटाची जागा. दोन बाजूंना दोन वेगळे पत्ते लिहायचे, दोन्हीकडे तिकिटं लावायची आणि पेटीत टाकायचं. कुणाकडे जायचं ते पोस्टमन ठरवणार. कृतीचं नावच ‘पोस्टमनची निवड’. त्याच वर्षी मिएको शिओमीने जगभरच्या लोकांना टपालाने सूचना पाठवल्या: एक शब्द लिहून कुठेतरी ठेवा, आणि कुठे ठेवला ते कळवा. आलेली उत्तरं तिने जगाच्या नकाशावर छोट्या झेंड्यांनी रोवली. ‘स्पेशियल पोएम’ नावाची ही मालिका १९७५ पर्यंत चालली. ऑन कवारा या जपानी कलाकाराने १९६८ ते १९७९ या काळात रोज दोन पोस्टकार्डं पाठवली. त्यांवर रबरी शिक्क्यांनी एवढंच छापलेलं असे की आज मी अमुक वाजता उठलो.

यांच्यापैकी कुणीही टपालखात्याशी भांडत नव्हतं. ते त्याचे नियम नीट जाणत होते. तुम्हीही जाणा.

पत्ता एकाच बाजूला, उजव्या अर्ध्या भागात, ठळक आणि मोकळ्या जागेत लिहा. परदेशचा पत्ता रोमन लिपीत, आणि देशाचं नाव इंग्रजीत, शेवटच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत. सजावट पत्त्याच्या भोवती असू द्या, पत्त्यावर नको. पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या कोपऱ्यात किंवा पाठीमागे, पण लिहाच. तिकिटावर पारदर्शक टेप लावू नका, कारण त्यावर शिक्का बसत नाही. देशातल्या देशात पाठवायचं असेल तर सरकारी पोस्टकार्डावर थेट काम करणं सर्वांत स्वस्त आणि बिनधोक. वेगळ्या मापाचं स्वतः केलेलं कार्ड पाकिटात घालून पाठवा. परदेशी टपाल लाल पेटीत न टाकता खिडकीवर वजन करून घ्या. दर बदलत असतात आणि कमी तिकिटाचा भुर्दंड घेणाऱ्याला बसतो.

मोठ्या पोस्टात फिलाटेलीची, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीची, खिडकी असते, मुंबईच्या जीपीओत आहे. तिथून स्मरणार्थ निघालेली तिकिटं घ्या आणि किंमत पुरी होईल अशी चार-पाच लहान तिकिटं लावा. छापील बारकोडापेक्षा ती कितीतरी देखणी दिसतात. शिक्का हाताने, स्वच्छ मारून द्याल का, असं नम्रपणे विचारा. गर्दी नसेल तेव्हा गेलात तर बहुतेक वेळा होकार मिळतो. खिडकीमागच्या काकांना आपण काय पाठवतो आहोत ते दाखवा. महिन्यातून एकदा जाणाऱ्या माणसाला ते ओळखू लागतात, आणि पाकीट हाताळताना त्यांचा हात हलका होतो.

घरचा पत्ता अनोळखी लोकांना द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो का ते विचारा. जुने मेल आर्टिस्ट बहुतेक पोस्ट बॉक्सच वापरत. त्यामागे कुणाविषयी संशय नव्हता. घरं बदलत, बॉक्स बदलत नसे.

चौथी पायरी: स्वतःचा शिक्का, स्वतःचं तिकीट

इथे हात घाण करण्यात खरी मजा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

शाळेतला मोठा पांढरा खोडरबर घ्या. मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर चित्र काढा, कागद उलटा करून खोडरबरावर ठेवा आणि पाठीमागून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं, त्यामुळे छापल्यावर सुलट येतं. अक्षरं कोरताना हे विसरलात तर सगळं काम वाया. आता कटरने रेषेच्या बाहेरचा भाग काढा. पातं नेहमी रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा. रेघ वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहिली तर शिक्का शंभर वेळा मारला तरी तुटत नाही. सरळ उभं कापलं तर दहाव्या छापालाच बारीक रेघा मोडतात. मोठी रिकामी जागा खोल काढा, नाहीतर तिथे शाईचे डाग उमटतात. साधं स्टॅम्प पॅड पुरतं.

कलाकारांची तिकिटं, म्हणजे कलाकाराने स्वतः केलेली, टपालखर्चाला न चालणारी तिकिटं, हा मेल आर्टमधला एक स्वतंत्र प्रांत आहे. फ्लक्ससच्या रॉबर्ट वॉट्सने साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःची तिकिटांची पानं छापली. डोनाल्ड इव्हान्स हा अमेरिकन चित्रकार काल्पनिक देशांची तिकिटं जलरंगात, खऱ्या तिकिटाच्या मापात रंगवायचा. १९७७ मध्ये अॅमस्टरडॅममधल्या आगीत तो अगदी तरुण वयात गेला. कॅनडात अॅना बनाना हिने १९८८ पासून ‘इंटरनॅशनल आर्ट पोस्ट’ या नावाने अनेक कलाकारांची तिकिटं एका पानावर छापून वाटली.

तुम्हाला छापखाना लागत नाही. एका पानावर आठ किंवा बारा चौकोन आखा, चित्रं काढा, रंगीत झेरॉक्स काढा. कडेची भोकं पाडायला शिवणयंत्रातला दोरा काढून टाका आणि रिकाम्या सुईने रेघांवरून शिलाई मारा. टाका मध्यम ठेवा. फार बारीक असेल तर कागद आपोआप तुटतो. ही सुई नंतर कापडाला वापरू नका, कागदाने ती बोथट होते. शिवणयंत्र नसेल तर शिंप्याकडचं दातेरी चाक पट्टीच्या आधाराने जोर देऊन फिरवा.

एक गोष्ट मात्र ठामपणे पाळा. आपलं तिकीट सरकारी तिकिटासारखं दिसता कामा नये. देशाचं नाव आणि रुपयांतली किंमत त्यावर घालू नका, खऱ्या तिकिटाची नक्कल करू नका आणि टपालखर्च म्हणून ते कधीही वापरू नका. आपल्याकडे सरकारी तिकिटाची खोटी नक्कल करणं हा गुन्हा आहे. कलाकाराचं तिकीट पाकिटाच्या पाठीवर लावा, आणि पुढे खरं तिकीट पुऱ्या किमतीचं.

पाचवी पायरी: आवाहनाला उत्तर देणं

मेल आर्टचा रोजचा व्यवहार आवाहनांवर चालतो. कुणीतरी विषय देतं, माप देतं, शेवटची तारीख आणि पत्ता देतं. तुम्ही पाठवता. ठरलेले शब्द जवळजवळ सगळीकडे तेच असतात: परीक्षण नाही, शुल्क नाही, परत पाठवणी नाही, सर्वांना प्रदर्शनाची नोंद मिळेल. म्हणजे आलेलं सगळं मांडलं जाणार, पैसे कुणीच देणार-घेणार नाही, तुमचं काम त्यांच्याकडे राहणार आणि बदल्यात सहभागी झालेल्या सर्वांच्या नावांची यादी तुम्हाला येणार.

आवाहनात ‘सहभाग शुल्क’ दिसलं तर ते बाजूला ठेवा. तो वेगळा व्यवहार आहे, मेल आर्ट नव्हे.

सुरुवातीला र्‍योसुके कोहेन यांच्या ‘ब्रेन सेल’सारखा चालता प्रकल्प समजून घ्या. जपानमधल्या ओसाका भागातून १९८५ पासून हा माणूस जगभरातून आलेले शिक्के, स्टिकर, छोटी चित्रं एका ए-थ्री कागदावर एकत्र छापतो, साधारण दीडशे प्रती काढतो आणि सहभागी असलेल्या प्रत्येकाला प्रत पाठवतो, सोबत सर्वांचे पत्ते. आपल्या भिशीसारखंच आहे हे: प्रत्येकाने थोडं घालायचं आणि प्रत्येकाच्या हाती सगळ्यांचं मिळून पडायचं. दुसरा प्रकार जुळवणीच्या अंकांचा. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड कोस्टेलानेट्झ याने ‘असेम्ब्लिंग’ सुरू केलं. प्रत्येकाने आपली पानं स्वतःच छापायची, हजार प्रती पाठवायच्या, संपादक फक्त गोळा करून बांधणार. पोलंडच्या पावेऊ पेताशने १९७७ मध्ये ‘कॉमनप्रेस’ काढलं, त्याचा तर संपादकही दर अंकाला नवा, वेगळ्या देशातला. मुंबईत साठच्या दशकात सायक्लोस्टाइलवर निघून टपालाने हातोहात पोचणारी मराठी लघुअनियतकालिकं ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही धडपड परकी वाटणार नाही. ती मंडळी या जाळ्यात नव्हती. पण छापण्याची मालकी स्वतःकडे घेण्याची गरज दोन्हीकडे सारखी होती.

आजच्या जुळवणीच्या अंकांना हजार प्रती लागत नाहीत. बहुतेक वीस ते चाळीस मागतात. प्रत्येक प्रत हाताने थोडी वेगळी करा, आणि सांगितलेल्या मापाच्या अर्धा सेंटिमीटर आत राहा, म्हणजे बांधणी करणाऱ्याला कडा छाटाव्या लागत नाहीत.

‘परीक्षण नाही’ हा नियम एवढा कडक का

नवशिक्यांना कधीकधी वाटतं की सगळंच मांडायचं तर दर्जा कसा राहील. या प्रश्नावर जाळं एकदा उघडपणे भांडलं आहे.

१९७३ मध्ये केन फ्रीडमनने अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या जॉस्लिन म्युझियममध्ये ‘ओमाहा फ्लो सिस्टिम्स’ भरवलं. आलेलं सगळं मांडलं, आणि पाहायला आलेल्यांना एखादं काम घेऊन जाण्याची आणि त्याजागी स्वतःचं पाठवण्याची मुभा दिली. पुढे तोच रिवाज झाला. त्याच सुमारास गर्दीही झाली. १९७२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने मेल आर्टवर लिहिलं, टोरांटोच्या ‘फाइल’ नियतकालिकात कोण कुठली चित्रं मागतो आहे याच्या पत्त्यांसकट याद्या येऊ लागल्या, आणि पहिल्या पिढीतले काहीजण घाईघाईने काढलेल्या झेरॉक्सांच्या पुराला कंटाळून बाजूला झाले. खुद्द जॉन्सनने १९७३ मध्ये आपल्या ‘शाळे’चा मृत्यू जाहीर केला. पत्रं पाठवणं अर्थात थांबवलं नाही. १३ जानेवारी १९९५ रोजी लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरमध्ये बुडून त्याचा अंत झाला, तोवर तो पाठवत होता.

भांडण पेटलं ते १९८४ मध्ये. न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेस या कलासंस्थेतल्या मोठ्या मेल आर्ट प्रदर्शनात रॉनी कोहेन या समीक्षक-संयोजिकेने आलेल्या कामांतून निवड केली. आवाहनाच्या भरवशावर पाठवलेल्या लोकांनी खुली पत्रं लिहून निषेध केला, आणि प्रदर्शनानिमित्त झालेल्या चर्चासत्रातही त्यावरूनच खडाजंगी झाली. माझं मत विचाराल तर निषेध करणारे बरोबर होते. वचन देऊन मागवलेलं काम आणि गॅलरीने निवडलेलं काम यांत फरक आहे. निवडायचंच असेल तर आधी सांगा आणि त्याला दुसरं काहीतरी नाव द्या.

बंद पाकिटांची पिढी

आता ज्या लोकांमुळे मेल आर्टला केवळ छंद म्हणता येत नाही, त्यांच्याविषयी. नवशिक्याने हा भाग टाळू नये. आज कुणी उरुग्वेला किंवा बुडापेस्टला पत्र पाठवतो तेव्हा हा इतिहास त्या पत्त्यामागे उभा असतो.

लॅटिन अमेरिकेत सत्तरच्या दशकात एकामागून एक लष्करी राजवटी आल्या. प्रदर्शनं, वर्तमानपत्रं, छापखाने यांच्यावर नजर होती. टपाल उरलं होतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात पावलो ब्रुस्की आणि दानिएल सांतियागो यांनी १९७६ मध्ये टपाल कार्यालयाच्याच इमारतीत आंतरराष्ट्रीय मेल आर्ट प्रदर्शन भरवलं. उद्घाटन होतंय न होतंय तोच ते बंद पाडलं गेलं आणि दोघांना ताब्यात घेतलं. उरुग्वेत क्लेमेन्ते पादीन आणि होर्हे काराबाल्यो यांना १९७७ मध्ये लष्कराची बदनामी केल्याच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं. जाळ्यातल्या लोकांनी देशोदेशींहून पत्रं, कार्डं, तिकिटं पाठवून त्यांच्या सुटकेची मागणी लावून धरली. पादीन १९७९ मध्ये बाहेर आला. अर्जेंटिनात ला प्लाता शहरात राहणाऱ्या एदगार्दो आन्तोनियो विगोच्या तरुण मुलाला, पालोमोला, १९७६ मध्ये उचलून नेलं. तो परत आला नाही. विगोने त्याच्या सुटकेची मागणी करणारी तिकिटं आणि शिक्के केले आणि आपल्या पाकिटांवर लावून जगभर पाठवले. वर सांगितलेली कलाकाराच्या तिकिटाची कृती करताना हे आठवा. त्या बोटभर कागदावर एका बापाने हे लिहिलं होतं.

पूर्व युरोपात दडपणाची रीत वेगळी होती. पूर्व बर्लिनमध्ये रॉबर्ट रेहफेल्ट आणि त्यांची पत्नी रुथ वोल्फ-रेहफेल्ट यांच्यासाठी परदेशी जाणं जवळपास अशक्य, पण पोस्टकार्ड जाऊ शकत होतं. स्टाझी, म्हणजे पूर्व जर्मनीचं गुप्त पोलीस खातं, टपाल उघडून पाहत असे. रुथ कार्यालयात काम करायच्या, टाइपरायटर हाताखालचा. त्यांनी अक्षरं आणि विरामचिन्हं यांच्यातून लाटा, पिंजरे, खोके टंकलेखन करून उभे केले आणि कार्बन लावून प्रती काढल्या. बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांनी हे काम थांबवलं. त्याची गरज संपली असं त्यांना वाटलं. २०२४ मध्ये त्या वारल्या. बुडापेस्टमध्ये ग्यॉर्गी गालान्ताई आणि यूलिया क्लानित्साई यांनी १९७९ मध्ये ‘आर्टपूल’ हा संग्रह घरातच सुरू केला. १९८४ मध्ये त्यांनी हंगेरी या विषयावर मागवलेल्या कामांचं प्रदर्शन, जो ‘कॉमनप्रेस’चा एक्कावन्नावा अंकही होता, अधिकाऱ्यांनी बंद पाडलं. संग्रह टिकला. आज तो बुडापेस्टच्या ललित कला संग्रहालयाचा भाग आहे.

यातून तुमच्यासाठी दोन व्यवहारी गोष्टी निघतात. घरात किंवा जुन्या टायपिंग क्लासात मराठी टाइपरायटर पडून असेल तर तो उचला. कार्बन अजून मिळतो, आणि मात्रा-वेलांट्यांतून चित्र उभं करण्याला मोठा वाव आहे. दुसरं, तुम्ही ज्याला लिहिताय त्याच्या देशात आज काय चाललं आहे याचा विचार करा. उघड्या कार्डावरचा एखादा शेरा तुम्हाला किरकोळ वाटेल, पण पेटीतून तो कागद बाहेर काढणारा माणूस तुम्ही नसता.

सहावी पायरी: नोंद आणि जपणूक

आलेलं प्रत्येक पाकीट दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, मग उघडा. पाकीट फेकू नका, पुष्कळदा कामाचा अर्धा भाग त्यावरच असतो. एका वहीत तारीख, पाठवणाऱ्याचं नाव, देश, काय आलं, काय पाठवलं एवढं लिहा. वर्षभराने ही वही नसेल तर कुणाला उत्तर द्यायचं राहिलं ते कळणार नाही. कामं प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बंद करू नका. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. बुटाच्या खोक्यात, मधे साधा कागद घालून, जमिनीपासून वर ठेवा. गोंदावर झुरळं आणि कसर येते, म्हणून दर दोन महिन्यांनी खोकं उघडून हवा द्या.

उत्तर किती दिवसांत? माझी रीत अशी: साधं एक कार्ड लगेच, पोच म्हणून. नीट काम सवडीने. सहा महिन्यांनी आलेलं उत्तर इथे कुणी उशिराचं मानत नाही. पण उत्तर न देणं लक्षात राहतं.

सातवी पायरी: स्वतःचं आवाहन

साधारण वर्षभर उत्तरं दिल्यावर स्वतःचं आवाहन काढा. विषय अरुंद ठेवा. ‘शांतता’ किंवा ‘निसर्ग’ असे विषय लोक विचार न करता भरून पाठवतात. ‘तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी’ किंवा ‘बंद पडलेलं दुकान’ असा विषय दिला तर बसून काम करतात. माप पोस्टकार्डाएवढं सांगा. मुदत चार महिन्यांपेक्षा कमी नको, काही देशांहून पत्र यायला महिना-दीड महिना जातो. जागा आधी ठरवा: शाळेचा व्हरांडा, वाचनालयाची भिंत, ग्रामपंचायतीचा हॉल. दोरी आणि चिमटे पुरतात, आणि दोरीवर टांगलेलं काम दोन्ही बाजूंनी पाहता येतं.

नोंदीच्या बाबतीत मी हट्टी आहे. फोटो ऑनलाइन टाकून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते कराच. पण सहभागी प्रत्येकाला कागदावर काहीतरी जायला हवं. एक ए-फोर पान घ्या: एका बाजूला कामांची लहान चित्रं, दुसऱ्या बाजूला सर्वांची नावं, शहरं आणि देश. पत्ते छापायचे असतील तर आवाहनातच तसं सांगा, म्हणजे नको असणारा कळवू शकेल. पान तिघडी करून पाकिटात घाला. साठ लोक आले तर साठ परदेशी पाकिटांचा खर्च येतो. तो आवाहन काढण्याआधीच बाजूला काढून ठेवा. खर्च झेपणार नसेल तर आवाहन लहान करा, नोंद गाळू नका.

आजची पिढी आणि तिचे पत्ते

१९८६ मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स रुएदी फ्रिकर आणि ग्युन्थर रुख यांनी एक साधी कल्पना मांडली: दोन किंवा अधिक मेल आर्टिस्ट जिथे भेटतील तिथे परिषद झाली असं समजायचं. त्या वर्षभरात पंचवीसेक देशांत अशा ऐंशीच्या आसपास भेटी झाल्या. नेदरलँड्समधल्या रूड यान्सेन यांनी १९८८ मध्ये आययूओएमए (इंटरनॅशनल युनियन ऑफ मेल आर्टिस्ट्स) ही मेल आर्टिस्टांची संघटना सुरू केली. आज तिचं मोठं काम ऑनलाइन चालतं आणि नवा माणूस बहुधा तिथूनच आत येतो. २००५ मध्ये पोर्तुगालच्या पावलो मागाल्याइश यांनी सुरू केलेलं पोस्टक्रॉसिंग वेगळं आहे. तिथे यंत्रणा तुम्हाला अनोळखी पत्ता देते, तुम्ही एक कार्ड पाठवता, कुणा दुसऱ्याकडून एक येतं. पत्रं पाठवण्याची सवय लागायला ते उत्तम. तिथून मेल आर्टकडे आलेले पुष्कळ तरुण आहेत, आणि ‘हे खरे मेल आर्टिस्ट नव्हेत’ म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्या जुन्यांशी मी सहमत नाही. प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीबद्दल हेच म्हटलं आहे, जॉन्सनच्या वेळेपासून.

तरुणांनी मात्र एक काम अंगावर घ्यायला हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेले लोक आता म्हातारे झालेत. त्यांच्यापैकी अनेकजण ऑनलाइन नाहीत. जुन्या नोंदींच्या यादीतून असा एखादा पत्ता निवडा आणि हाताने, मोठ्या अक्षरात लिहा. आपण कोण, पत्ता कुठून मिळाला हे पहिल्या दोन ओळींत सांगा. ‘इतिहास सांगा’ असा भला मोठा प्रश्न नको. एक लहान, नेमका प्रश्न विचारा: हा शिक्का कशाने कोरला होता, हा अंक कुणी बांधला. यान्सेन यांनी नव्वदच्या दशकात टपालातून मुलाखती घेतल्या त्या अशाच, एका वेळी एक प्रश्न पाठवून. उत्तर आलं तर त्याची प्रत काढून तिच्यावर तारीख घाला.

आणि पाकीट ‘पत्त्यावर राहत नाहीत’ अशा शेऱ्यासह परत आलं तर ते तसंच ठेवा, उघडू नका. वहीत त्या पत्त्यासमोर तारीख टाका. ज्या नोंदीतून पत्ता घेतला होता, तिच्या संयोजकाला एक कार्ड टाकून कळवा, म्हणजे त्यांच्या यादीतही बदल होईल.